ब्लँकेट नीट पुसलं नव्हतं

ऑर्विल हाउगेनच्या छापखान्यात
दिवसा चर्चची पत्रकं निघत,
शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाची आमंत्रणं, मयतांच्या प्रार्थना,
आणि रात्री, शटर ओढून घेतलं की
रोझली डोम्बेकची बाई :
तीन डोळे, उघड्या मांड्या, दातांत पाना,
फोरमनला ओल्या धुण्यासारखी पिळणारी.

मिलवॉकी. एकाहत्तरचा मार्च.
तळघराच्या खिडकीतून फक्त बर्फ दिसायचा
आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट.
मी सतरा वर्षांचा. माझं काम पुसायचं.
रोलर, शाईची ताटली, रबराचं ब्लँकेट,
शेवटी स्वतःची नखं, जी कधीच निघाली नाहीत.

रोझली दिवसभर गॅरेजात
पोरांच्या मोटारींवर ज्वाळा रंगवायची.
खारीच्या केसांचा लांब ब्रश, एक श्वास, एक रेघ,
बॉनेटपासून मागच्या दिव्यापर्यंत.
‘श्वास सोडलास की रेघ मेली.’
रात्री कागदावर तीच रेघ
ती मुद्दाम श्वास सोडून काढायची.

कलाशाळेनं तिला दुसऱ्या वर्षी घालवलं होतं,
लेखी :
हात चांगला, अभिरुची नाही.
ते वाक्य तिनं अंकाच्या मुखपृष्ठावर
किमतीच्या डोक्यावर छापलं.
पन्नास सेंट. फक्त प्रौढांसाठी.

हाउगेन चित्रांकडे बघायचा नाही.
भिंग लावून कोपऱ्यातल्या खुणा जुळल्यात का बघायचा,
आणि काळं काळं उतरलंय का.
पोलिसांनी रेकॉर्डच्या दुकानातून दोनशे प्रती उचलल्या
तेव्हा रोझली धापा टाकत जिना उतरली.
त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,
‘कागदाला नावं ठेवली का कुणी?’

त्या शनिवारी बाराशे प्रती काढल्या.
पहाटे तीनला मी गठ्ठ्यांवर आडवा झालो,
पाच मिनिटं म्हणून.
हाउगेननं मला न उठवता प्लेट बदलली,
रविवारची पत्रकं लावली.
ब्लँकेट मी पुसलं असणार, असं त्यानं धरलं.
माणसानं माणसावर एवढा भरवसा ठेवू नये.

पहिल्या चाळीस कागदांवर ती आली.
स्तोत्र क्रमांक दोनशे एकोणीसच्या मागे,
थंडीत काचेवर तोंडची वाफ उमटावी तशी फिकी,
पण तिन्ही डोळे उघडे.

कुणी काही बोललं नाही.
लुथरन माणसं, घर जळालं तरी आधी कोट घालतील.
पाद्री खोकला. ऑर्गन वाजला. सगळे गायले,
नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं.
तिसऱ्या बाकावर हाउगेनचे कान
आतून दिवा लावल्यासारखे लाल.
प्रार्थना संपल्यावर पत्रकं टोपलीत गोळा झाली
ती मी मोजली : चाळिसांतली एकतीस.
नऊ बायका कुणाच्या तरी पर्सेसमधून घरी गेल्या.

सोमवारी मी हिशेब घ्यायच्या तयारीनं गेलो.
हाउगेननं नवं फडकं माझ्या हातात दिलं,
एकतिसांतलं एक पत्रक खिडकीशी धरलं,
पहिल्यांदाच चित्राकडे बघितलं, पुष्कळ वेळ.
‘फिकं उतरलं,’ म्हणाला.

आणि गुरुवारी, भर दुपारी,
खिडकीत काळे बूट थांबले. हलले. परत थांबले.
जिन्यावरून खाली आल्या त्या अग्नेता थोर्सरुड,
चर्चमध्ये कॉफी ओतणाऱ्या.
युद्धाच्या वर्षांत त्यांनी लेथ चालवला होता
हे मला ठाऊक नव्हतं.
डाव्या हाताला तीन बोटं आहेत
हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.
त्या तीन बोटांनी त्यांनी
पाच नाणी टेबलावर एकेक करून मांडली,
हातमोजा परत चढवला,
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारावं तसं विचारलं :

‘त्या फोरमनचं
पुढे काय होतं?’